‘तुम्हांला ठाऊकच आहे’ असं म्हणू शकेल असा पाळक मागा : आमच्या पास्टरेट कमिटीला खुलं पत्र

आदरणीय सेक्रेटरीसाहेब, खजिनदारसाहेब, कमिटीतले सगळे भाऊ आणि एकुलती एक बहीण, सर्वांना जय ख्रिस्त.

आता सेक्रेटरीसाहेब म्हणणार, सिस्टर, एवढं मनात होतं तर घरी यायचं ना, चहा घेता घेता बोललो असतो. येणारच होते. पण मागच्या दोन वेळचा अनुभव असा की चहा होतो, बिस्किटं होतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी होते आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो. शिवाय हा विषय फक्त तुमचा आणि माझा नाही, शेवटच्या बाकावर बसून आशीर्वाद झाल्या झाल्या गुपचूप निघून जाणाऱ्या माणसाचा पण आहे. आणि ज्या पत्रावरून मी हे लिहितेय, बायबलमधलं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र (ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं), त्याच्या शेवटी ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलानं चक्क प्रभूची शपथ घातलीय की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. सगळ्यांना, नुसतं वडीलमंडळींना नाही. तेव्हा निदान त्याची तरी परवानगी आहे असं धरून चालते.

गेल्या रविवारी ग्रुपवर ती यादी आली, आपल्या चर्चला नवीन पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, कसे हवेत याची, जी तुम्ही वर पाठवणार आहात. वय पस्तीस ते पंचेचाळीस, इंग्रजी फ्लुएंट, तरुणांना खेचून आणणारं व्यक्तिमत्त्व, ऑनलाइन उपासना चालवता यावी, पत्नीला कीबोर्ड किंवा निदान संडे स्कूल घेता यावं (म्हणजे एका पगारात दोन माणसं, ही आपली जुनी खोड), स्वतःची गाडी असल्यास प्राधान्य. खाली अंगठेच अंगठे. मी पण सवयीनं एक देऊन टाकला आणि मग रात्री झोप येईना.

यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही. गाडी असली तर बरंच आहे, रात्री अपरात्री पेशंट न्यायला कामाला येते. पण मी सदतीस वर्षं हॉस्पिटलात काढली, वॉर्डात नवीन पोरी यायच्या तेव्हा इंटरव्ह्यूला सगळ्यांचेच युनिफॉर्म कडक इस्त्रीचे असायचे, सगळ्याच गोड बोलायच्या. कोण कशी आहे ते कळायचं पहिल्या नाइटला, पहाटे तीनला कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी तिसऱ्यांदा बेडपॅन मागायची तेव्हा. तुमच्या यादीत ती पहाटेची तीनची वेळ कुठेच नाही.

तर झोप येईना म्हणून थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र काढून बसले. पाच अध्याय, ८९ वचनं, हळू वाचलं तरी अर्ध्या तासात होतं. बहुतेक अभ्यासक हे पौलाचं आपल्याकडे उरलेलं सगळ्यात जुनं पत्र मानतात, काही जण गलतीकरांसचं पत्र आधीचं धरतात पण ते राहू द्या. करिंथहून लिहिलेलं, इ.स. ५०-५१च्या सुमारास. हे साल कुणी अंदाजपंचे ठोकलेलं नाही, ग्रीसमध्ये डेल्फीला रोमी बादशहा क्लौद्य कैसराच्या पत्राचा शिलालेख सापडला, त्यात सुभेदार गल्लियोचं नाव आहे, तोच ज्याच्यापुढे करिंथात पौलाला ओढत नेलं होतं, त्यावरून हिशोब लागतो. म्हणजे ख्रिस्ती मंडळी अजून तान्ही होती. ना लिखित घटना, ना पेन्शन फंड, ना पास्टरेट कमिटी, ना चर्चची बिल्डिंग, कुणाच्या तरी घरात जमायचं. पाळक कसा असावा याचं एक पण सर्टिफिकेट तेव्हा अस्तित्वात नव्हतं, म्हणून मला वाटलं की इथं खरं काय ते सापडेल.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे पण एकदा नर्सच्या नजरेनं बघा. थेस्सलनीकाला यायच्या आधी पौल आणि त्याचा साथीदार सीला फिलिप्पै नावाच्या शहरात होते. तिथं कपडे फाडून छड्यांनी मारलं, आतल्या कोठडीत घातलं, पाय खोड्यात. मध्यरात्री ते गाणी म्हणत होते हे आपण संडे स्कूलमध्ये नेहमी शिकवतो, भूकंप पण शिकवतो, पण त्यानंतरची एक ओळ घाईत सोडून देतो, की बंदिशाळेच्या नायकानं त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या. मला ती ओळ वाचली की फटक्यांचा वास येतो. पाठीवरचे छडीचे वळ फुटले ना की दुसऱ्या दिवशी सदरा चिकटतो, काढताना खपली निघते, तिसऱ्या दिवशी ताप. अशा पाठीनं ही माणसं एग्नातिया नावाच्या रोमी हमरस्त्यानं निघाली, अंफिपुली आणि अपुल्लोनिया या गावांवरून, जवळजवळ दीडशे किलोमीटर. आणि थेस्सलनीकात पोचल्यावर काय केलं, तर यहुद्यांच्या सभास्थानात जाऊन पुन्हा बोलायला सुरुवात. दुसऱ्या अध्यायात पौल हे एका वाक्यात आटपतो, की फिलिप्पैत आम्ही दुःख भोगलं, अपमान झाला, हे तुम्हांला ठाऊकच आहे, तरी धीर धरून तुम्हांला सुवार्ता सांगितली. पाठ दाखवत नाही, टेस्टिमनीचा कार्यक्रम लावत नाही, बॅनर नाही. पण त्या लोकांनी ती पाठ बघितलेली असणार, चालताना तो कसा अवघडत होता ते बघितलेलं असणार, म्हणून तर ‘ठाऊकच आहे’ म्हणतो.

हेच मला त्या रात्री दिसलं आणि पेन्सिल घेऊन मोजायला बसले. दुसऱ्या अध्यायात पहिल्याच वचनात ‘तुम्हांला स्वतःलाच ठाऊक आहे’, दुसऱ्यात तेच, पाचव्यात तेच, नवव्यात ‘तुम्हांला आठवत असेल’, दहाव्यात ‘तुम्ही साक्षी आहात आणि देव पण’, अकराव्यात परत ‘ठाऊक आहे’. बारा वचनांत सहा वेळा. आपल्याकडे कुणी स्वतःच्या सेवेबद्दल बोलतो तेव्हा काय म्हणतो? मी अमुक कॉलेजात शिकलो, अमुक देशात जाऊन आलो, बिशपसाहेबांचा माझ्यावर लोभ आहे. पौलाकडे म्हणायला यापेक्षा जास्त होतं. तो प्रेषित होता, त्यानं स्वतःच म्हटलंय की प्रेषित म्हणून आम्हांला तुमच्यावर भार टाकता आला असता. तरी तो बोट दाखवतो ते कुणाकडे तर ज्यांच्या घरी जेवला, ज्यांच्या शेजारी बसून काम केलं त्या साध्या माणसांकडे. तुम्हीच सांगा मी कसा होतो. हे म्हणायला केवढी छाती लागते विचार करा, कारण समोरचा म्हणू शकतो, हो ठाऊक आहे, सगळं ठाऊक आहे, सांगू का?

त्यात परिस्थिती अशी की त्याला गावातून रात्रीच्या रात्री जावं लागलं होतं. बाजारातले गुंड गोळा करून दंगल झाली, ज्यानं त्यांना घरी उतरवून घेतलं होतं त्या यासोनाच्या घरावर लोक चालून गेले, पौल सापडला नाही म्हणून यासोनालाच नगराच्या अधिकाऱ्यांपुढे खेचलं, त्याच्याकडून जामीन घेतला आणि बंधूंनी पौलाला अंधारात बिरुया गावाला पाठवून दिलं. (ही हकिकत प्रेषितांच्या कृत्यांत लिहिणाऱ्या लूकनं या अधिकाऱ्यांना ‘पोलितार्ख’ असा वेगळाच शब्द वापरलाय, आणि थेस्सलनीकाच्या वार्दार वेशीवरच्या शिलालेखात नेमका तोच शब्द आहे, तो दगड आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माझा भाचा सेमिनरीत शिकला त्यानं मला फोटो दाखवला होता, मला असल्या गोष्टींचं फार कौतुक.) तर मागं राहिलेल्यांच्या कानावर काय काय आलं असेल? त्या काळी ग्रीक शहरांतून बोलघेवडे गुरू फिरायचे, गोड बोलून जमवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. हा पण त्यातलाच, पळाला बघा, असंच म्हटलं असणार कुणीतरी. त्यावर उत्तर म्हणून तो एकच गोष्ट पुढे करतो, तुमची आठवण. आम्ही कधी खुशामत केली नाही, लोभावर पांघरूण घातलं नाही, तुमच्याकडून किंवा कुणाकडून मान मिळवायच्या मागे लागलो नाही.

खुशामतीबद्दल मी जास्त बोलत नाही, ते आपण सगळे ओळखतो. पहिल्या बाकावर कोण बसलंय ते बघून प्रार्थना लांब-आखूड होते तेव्हा शेवटच्या बाकाला ते पहिल्यांदा कळतं.

लोभावरच्या पांघरुणाबद्दल मात्र बोलते. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, गावाचं आणि माणसाचं नाव घेणार नाही, ती माणसं पण आता नाहीत. आमच्या वॉर्डातल्या एका मावशीचा नवरा गेला. मिट्टीचा (दफनाचा) विधी नीट झाला, उपदेश पण चांगला झाला, सगळे रडले. संध्याकाळी मी तिच्याकडे भाकरी-पिठलं घेऊन गेले तर ती ट्रंकेपाशी बसून नोटा मोजत होती. म्हटलं काय गं? तर म्हणाली, साहेबांचा माणूस आला होता, लिफाफ्याचं विचारत होता, प्रथा आहे म्हणाला. हातात शंभराच्या दोन आणि दहाच्या चुरगळलेल्या नोटा होत्या आणि ती मला विचारत होती की सिस्टर, तीनशे दिले तर कमी दिसतील का हो. ती नंतर पण चर्चला यायची, गाणी म्हणायची, पण प्रभुभोजनाला पुढे जाताना मी तिला परत बघितलं नाही. त्या साहेबांची प्रवचनं आजही लोक आठवतात, आवाज खरंच सुंदर होता. कुणी विचारलं असतं तर तिला पण म्हणता आलं असतं, हो, मला ठाऊक आहे.

आता याच्यावरून कमिटीतले काही जण लगेच म्हणतील, बरोबर आहे, पौल बघा कसा स्वतःच्या हातानं कमवून खायचा, पाळकाला पगार कशाला. थांबा जरा. नववं वचन मलाही फार आवडतं, रात्रंदिवस कामधंदा करून आम्ही तुम्हांला सुवार्ता सांगितली, कुणावर भार नको म्हणून. त्याचा धंदा राहुट्या करायचा, प्रेषितांच्या कृत्यांत करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे तो तेच काम करायचा असं दिलंय. कातडं असो की जाड कापड, आरी आणि दाभण घेऊन वाकून बसायचं काम आहे, बोटांना घट्टे पडतात. त्या काळच्या ग्रीक बड्या लोकांना हातानं काम करणं हलकं वाटायचं, आणि ज्यांना आपल्या हातच्या कामापायी पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं गेलं त्यांची नातवंडं-पतवंडं आपल्या मंडळीत बसलेली आहेत, तेव्हा प्रेषिताच्या हातातलं दाभण आपल्याला किती जवळचं वाटायला पाहिजे ते मी वेगळं सांगायला नको. पण त्याच पौलानं करिंथकरांना पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलंय की सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी हा प्रभूचाच नियम आहे. आणि फिलिप्पैकरांना लिहितो की मी थेस्सलनीकात असताना पण तुम्ही एकदा नव्हे दोनदा मला मदत पाठवलीत. म्हणजे पैसे घेतच नव्हता असं नाही. जिथं घेतल्यानं सुवार्तेवर शंका येईल तिथं नाही घेतले, जिथून प्रेमानं आले तिथून घेतले आणि घेतले हे लिहून ठेवलं, उघडपणे.

आणि आपलं काय? मागच्या पाळकसाहेबांचा पगार तीन तीन महिने थांबायचा. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात दोन पातेली आणि एक बादली लावून पाळकीणबाई भाकऱ्या थापायच्या, मी स्वतः बघितलंय, एक थेंब तव्यावर पडला की चर्र आवाज यायचा आणि त्या हसून म्हणायच्या, सिस्टर, आमच्याकडे म्युझिक फ्री. त्याच वर्षी आपण स्टेजला टाइल्स बसवल्या. पाचव्या अध्यायात पौल मंडळीला पण सांगतो की जे तुमच्यात श्रम करतात त्यांना ओळखा, त्यांच्या कामामुळे त्यांना प्रेमानं फार मान द्या. भुकेल्या माणसाकडून निर्लोभीपणाची अपेक्षा करणं सोपं असतं हो, आपल्याला काही खर्च येत नाही. तेव्हा वरती यादी पाठवताना तिच्या मागच्या पानावर आपण काय देणार ते पण लिहा. छत पहिलं.

आता माझ्या आवडीचं वचन, दुसऱ्या अध्यायातलं सातवं. पौल म्हणतो आम्ही तुमच्यात सौम्य होतो, जशी दूध पाजणारी बाई आपल्या लेकरांना जपते तसे. इथं एक गंमत आहे, भाच्यानंच सांगितली. काही जुन्या हस्तलिखितांत ‘सौम्य’ असा शब्द आहे आणि काहींत ‘तान्ही बाळं’, ग्रीकमध्ये दोन्हींत फक्त एका ‘न’चा फरक, एपिओइ आणि नेपिओइ. तेव्हा शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहायचे, आधीचा शब्द संपतोच मुळी ‘न’वर, मग नक्कल करणाऱ्यानं एक ‘न’ वाढवला की गाळला हे ठरवणं अवघड. पंडित लोक अजून वाद घालतात. मला दोन्ही चालतात. आईसारखे होतो म्हणा, नाहीतर तुमच्यात बाळासारखे होतो म्हणा, साहेबासारखे होतो असं कुठल्याच हस्तलिखितात नाही.

पण त्याच्यापुढचं बघा. दूध पाजणारी दाई तेव्हा पगारी मिळायची, रोमी अमलातल्या इजिप्तमधले तसले करारनामे पण सापडलेत, एवढे महिने दूध पाजायचं, एवढे पैसे. पौल मुद्दाम म्हणतो, आपल्या स्वतःच्या लेकरांना. मी हा फरक अंगावर घेतलाय. प्रसूती वॉर्डात सहा वर्षं होते, दुसऱ्यांची बाळं सांभाळली, मनापासून सांभाळली, टेम्परेचर, वजन, दोन तासांनी फीड, सगळं चार्टवर. मग माझा मोठा मुलगा झाला. तेव्हा कळलं की चार्ट वेगळा आणि आपलं पोर वेगळं. नुसतं कण्हलं तरी मी जागी व्हायचे, शेजारी ट्रक गेला तरी व्हायचे नाही. ड्युटी करणारी वाईट असते असं नाही, ड्युटी पण व्हायलाच पाहिजे, पण आठ तास झाले की ती पुढच्या पाळीला ओव्हर देऊन घरी जाते. पौल म्हणतो आम्ही तुम्हांला देवाची सुवार्ताच नाही तर आपला जीव पण द्यायला तयार होतो, कारण तुम्ही आम्हांला प्रिय झाला होता. पुढे अकराव्यात बापासारखे, एकेकाला धरून समजावत. आणि सतराव्यात अजून एक शब्द येतो जो मराठीत वाचताना निसटून जातो, तुमच्यापासून दूर झालो म्हणतो तो शब्द मुळात ‘पोरके झालो’ असा आहे. आई, बाप आणि पोरकं लेकरू, सगळं एकाच अध्यायात, तेही ज्यांच्यात फार तर काही महिने राहिला त्यांच्याबद्दल. आपल्याकडे पाच वर्षं राहून बदली झालेल्या माणसाचा फेअरवेल झाल्यावर फोन नंबरसुद्धा ग्रुपमधून निघतो. त्यात दोष नेहमी जाणाऱ्याचाच असतो असं पण नाही.

हे पुस्तकातलंच आहे, असं कुठं घडतं का, असं म्हणू नका. आपल्याच मातीत घडलंय. पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना गोळा करून आणलं, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि त्याच बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. विद्वत्ता केवढी आणि हात कशात तर उवा झालेल्या डोक्यांत. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. प्रत्येकानं नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही, लक्ष्मीबाईंच्या जागी उभं राहून बघितलं तर घर चालवणारीला असल्या निर्णयाचा काय भाव पडतो ते पण कळतं. पण या दोघांबद्दल लोकांना ठाऊक होतं, घरात काय शिजतं, कोण जेवून जातं, पैसा कुठून येतो नि कुठे जातो. दार उघडं होतं.

पाळकाच्या घरोघरच्या व्हिजिटबद्दल एक सांगते. तिसऱ्या अध्यायात पौलाला दम धरवेना, हे लोक संकटात आहेत, टिकले की ढळले काहीच कळेना, म्हणून अथेनैत (अथेन्सला) एकटं राहणं पत्करलं आणि आपला साथीदार तीमथ्य याला परत पाठवलं. तीमथ्य चांगली बातमी घेऊन आला तेव्हा काय म्हणतो, तुम्ही प्रभूत स्थिर असाल तर आता आमच्या जिवात जीव आला. तेव्हा फोन नव्हता, ग्रुप नव्हता, एक माणूस पायी पाठवायचा आणि तो येईपर्यंत वाट बघत बसायचं. मी कोविडमध्ये पंधरा दिवस खोलीत होते तेव्हा मला रोज सकाळी एक वचन यायचं, सूर्योदयाच्या चित्रावर, सगळ्या मंडळीला येतं तेच. एकदा पण कुणी विचारलं नाही की सिस्टर, ऑक्सिजन किती आहे. वचन खरं होतं, तक्रार वचनाबद्दल नाही.

आणि पाचव्या अध्यायातलं चौदावं वचन तर मी स्टाफरूममध्ये लावलं असतं. अव्यवस्थित वागणाऱ्यांना ताकीद द्या, धीर खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेनं वागा. चार पेशंट, चार वेगळ्या ट्रीटमेंट. आपल्याकडे उलटं होतं, दारू पिऊन कमिटीत भांडणाऱ्याला आधार मिळतो आणि घटस्फोटाच्या केसमध्ये पिचलेल्या पोरीला पुलपिटावरून ताकीद. एकच गोळी सगळ्या वॉर्डाला दिली तर काय होईल? शिवाय हे वचन पाळकाला उद्देशून नाहीच, ‘बंधूंनो’ म्हणून सगळ्यांना आहे. या छोट्या पत्रात तो चौदा वेळा ‘बंधूंनो’ अशी हाक मारतो, हे पण मोजलं मी त्या रात्री.

मरणाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. थेस्सलनीकात काही माणसं वारली होती आणि मागच्यांना घोर लागला होता, की प्रभू येईल तेव्हा यांचं काय. चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा तुम्ही खेद करू नये. नीट वाचा हं. रडू नका असं नाही म्हटलेलं. मी माझ्या कानांनी एका सेवकाला तीन वर्षांचं लेकरू गेलेल्या आईला सांगताना ऐकलंय की ताई, अश्रू हे अविश्वासाचं लक्षण. ती बाई गप्प झाली. एवढी गप्प झाली की आम्हाला डॉक्टरांना बोलवावं लागलं. ज्यानं हे वचन लिहिलं तो त्या लोकांसाठी तळमळत बसला होता, आणि त्याच वचनाचा दगड करून या सेवकानं तिच्या छातीवर ठेवला. अर्धं वचन पाठ असलेला माणूस इंजेक्शन अर्धं शिकलेल्या पोरीपेक्षा धोकादायक. म्हणून पौल पुढे म्हणतो सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. पारख करा हे पण सगळ्या मंडळीला सांगितलंय, मागच्या बाकाला पण.

तर मागणी काय माझी? यादी फाडू नका, पण ती पाठवायच्या आधी ज्या कुणाचं नाव येईल त्याच्या आत्ताच्या मंडळीत दोघा-तिघांनी जाऊन या, बसनं जा, आणि सेक्रेटरीला भेटू नका. चर्चच्या झाडूवाल्याला भेटा, एखाद्या विधवेला भेटा, संडे स्कूलच्या मोठ्या मुलींना त्यांच्या आयांच्या समोर विचारा, शेजारच्या किराणावाल्याला विचारा उधारी किती आहे आणि कशी फिटते. त्यांना काय ठाऊक आहे ते ऐका आणि मग ठरवा. इंग्रजी नंतर बघू.

दुसरं म्हणजे फळा. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९७४ला मी नर्सिंगला आले तेव्हा इथं एक म्हातारे पाळकसाहेब होते, सायकलवाले. हार्वेस्टच्या सणाला लिलाव झाला की ते संडे स्कूलच्या खोलीतला काळा फळा ओढत व्हरांड्यात आणायचे आणि खडूनं सगळं लिहायचे, कोंबडा चार रुपये, भोपळा दीड रुपया, अंडी, बाजरी, कोण बोललं, किती आले, किती बाकी, आणि खाली स्वतःचा पगार आणि त्या महिन्यात त्यांना कुणी काय दिलं ते पण, साखर एक किलो, धोतर एक. पुढच्या रविवारपर्यंत पुसायचे नाहीत. ज्यांना वाचता यायचं नाही त्या आज्या शाळकरी पोराला उभं करून मोठ्यानं वाचून घ्यायच्या, आणि एकदा एकीनं भर व्हरांड्यात सांगितलं की साहेब, माझ्या भोपळ्याचे दोन रुपये झाले होते, दीड नाही. त्यांनी तिच्यासमोर पुसलं, दोन लिहिलं, आणि बेरीज परत केली. आमच्या हॉस्टेलच्या पोरी हसत होत्या, मी पण हसले होते.

तो फळा अजून आहे. मी मागच्या आठवड्यात बघून आले, मोडक्या बाकांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलाय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय पण लाकूड चांगलं आहे. शनिवारी चार वाजता मी ओलं फडकं आणि खडूचा डबा घेऊन येते, खजिनदारसाहेबांनी यंदाची वही घेऊन यावं. बाहेर काढायला दोन माणसं लागतील, जड आहे.

तुमची बहीण,
मंडळीची एक जुनी सभासद, निवृत्त स्टाफ नर्स